काजवे की कासवं: सुट्टी एकदाच मिळणार असेल तर

भंडारदऱ्याचे काजवे बघायला जाणारा आणि कोकण किनाऱ्यावरच्या वेळासची कासवं बघायला जाणारा माणूस बहुधा एकच असतो. शहरातला, दोन दिवस मोकळे असलेला, मोबाइलवर एखादा फोटो बघून निघालेला. तो काय हौसेने आलाय, याचा परिणाम मात्र दोन्हीकडे फार वेगळा होतो.

काजव्यांचा फोटो कसा बनतो ते आधी लक्षात घ्या. कॅमेरा तिवईवर ठेवून पंधरा-वीस सेकंदांचे कितीतरी एक्स्पोजर घेतात आणि एकावर एक चढवतात, तेव्हा कुठे ते मढवलेलं झाड दिसतं. प्रत्यक्षात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. माझ्या मते हे फोटोपेक्षा सरस आहे, पण फोटोसाठी आलेल्याचं समाधान होत नाही. तो टॉर्च लावतो, झाडाखाली शिरतो. काजव्याचं चमकणं हे जोडीदाराला बोलावणं असतं. वर प्रकाश पडला की ते बोलावणं पोचतच नाही. अंडी आणि अळ्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात असतात, नेमक्या चपला पडतात तिथे.

माझं पारडं वेळासकडे झुकलं ते गाड्यांच्या हेडलाइटमुळे. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. भंडारदऱ्याजवळच्या घाटघर-रतनवाडीच्या रस्त्यावर शनिवारी रात्री एवढा सलग अंधार नशिबात असेल तरच मिळतो. वळणावरून एक गाडी आली की झाड फिकं पडतं आणि आपली वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. हे काही मोजमाप नव्हे, आडवारी गेलेल्यांचा अनुभव वेगळा असेलही. पण गाडीत बसूनच काजवे ‘करून’ रात्रीच परत निघायची सोय आहे, तोवर हे थांबेल असं वाटत नाही. गावाच्या हाती पार्किंग आणि चहाचे पैसे, फार तर जेवणाचे.

वेळासला त्याच हौशी माणसाला थांबावं लागतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे संवर्धन सुरू केलं, 2006 पासून कासव महोत्सव होतो. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. ती उचलून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि तारीख नोंदवतात. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात; वाळू तापलेली असेल तर लवकर. घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं असली तर पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, प्रेक्षक दोरीमागे. नसली तर काहीच नाही, सकाळी पुन्हा या. म्हणजे मुक्काम गावातल्याच घरात, दोन वेळचं जेवण तिथेच. पिल्लं उजेडाकडे वळतात म्हणून फ्लॅश चालत नाही, आणि दोरीमुळे ते पाळलंही जातं. पर्यटक शहाणा असायची वाट कुणी बघत बसलेलं नाही, हे मला फार आवडतं.

उणिवा आहेत. बाथरूम सामायिक, झोपायला कधी एकच मोठी खोली. सुट्टीच्या दिवशी दोरीमागे चौथ्या रांगेत उभं राहिलात तर पुढच्यांची डोकीच दिसतात.

अंधाराचीच ओढ असेल तर काजव्यांना जरूर जा. मेअखेर ते पहिला जोरदार पाऊस, त्यातही अमावास्येच्या आसपासचा आडवार. गाडी उजेड असतानाच गावात लावा, वाटाड्या घ्या, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा.

बाकीच्यांनी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात वेळास धरावं. निघण्याआधी घरमालकांना फोन करून पंचेचाळीस दिवस उलटलेली घरटी किती आहेत ते विचारा. एकही नसेल तर आठवडाभर थांबा. दुपारपर्यंत पोचून दोन रात्री राहिलात तर टोपली उचलायच्या चार वेळा मिळतात; एकाच रात्रीत दोनच.