‘झीरो डिफ्लेक्शन’ शाफ्ट घेताय? आधी हे वाचा

पूल हा बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ शिकणाऱ्यांची सध्या एका ठरावीक पद्धतीने फसवणूक होते आहे. साइड लावून, म्हणजे बॉलला फिरकी यावी म्हणून मध्याच्या डावी-उजवीकडे मारलेले शॉट चुकत असतात. नेम बरोबर दिसतो, पण व्हाइट, म्हणजे क्यूने (काठीने) मारायचा पांढरा बॉल, बोटभर बाजूला जातो. अशा वेळी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन कोणीतरी सांगतं, ‘दोष हातात नाही, क्यूमध्ये आहे. हा झीरो डिफ्लेक्शन शाफ्ट लावा, नेम बदलायची गरजच उरणार नाही.’ शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा, वेगळा करता येणारा भाग. आठ-दहा हजार रुपये यूपीआयने जातात आणि घरी येतो तो साधा मेपल लाकडाचा शाफ्ट, वर कार्बनच्या विणीची छपाई असलेला पातळ पापुद्रा चढवलेला. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण त्या भरवशावर पुढचे कित्येक महिने चुकीचा नेम हातात मुरतो, आणि तो काढणं फार जड जातं.

यातला ‘झीरो’ हा शब्दच खोटा आहे. टिप (क्यूचं टोक) व्हाइटच्या मध्यापासून उजवीकडे लागली की व्हाइट क्यूच्या रेषेत न जाता थोडा डावीकडे सुटतो, हेच डिफ्लेक्शन. टिप आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात तो वेळ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात बॉल फिरायला लागतो आणि टिपेला बाजूला ढकलतो. शाफ्टचं टोक जितकं जड, तितकं ते ढकलायला जास्त जोर लागतो, आणि तोच जोर बॉलला उलट दिशेने सरकवतो. इथे अख्ख्या क्यूच्या वजनाचा फारसा संबंध नाही. टिपेपासून मागे १५-२० सेंटिमीटरपर्यंतचा भाग किती जड आहे, त्यावर सगळं ठरतं. या भागाला काही ना काही वजन असणारच, म्हणून डिफ्लेक्शन कमी होतं, शून्य होत नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या प्रेडेटर कंपनीने टोक हलकं केलेले लाकडी ‘लो डिफ्लेक्शन’ (एलडी) शाफ्ट बाजारात आणले, पुढे कार्बन फायबर आलं. तत्त्व तेच राहिलं.

आता आकडे बघा. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. मध्यापासून त्रिज्येच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटरपर्यंत साइड लावता येते. त्यापुढे टिप घसरते. एवढी पूर्ण साइड लावली तर साध्या मेपलच्या शाफ्टवरून व्हाइट साधारण अडीच अंशांनी बाजूला सुटतो, चांगल्या लो डिफ्लेक्शन शाफ्टवरून दोन अंशांच्या थोडं आत. दोन मीटर पुढे गेल्यावर पहिला जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटर सरकलेला असतो, दुसरा साडेसहाच्या आसपास. म्हणजे महागड्या अस्सल शाफ्टची कमाई दोन सेंटिमीटरची. ती खरी आहे, उपयोगाचीही आहे. पण उरलेले साडेसहा सेंटिमीटर एका अख्ख्या बॉलच्या रुंदीपेक्षा जास्त भरतात. ते तुम्हालाच सावरायचे असतात. ‘भरपाई करावीच लागत नाही’ असं सांगणारा माणूस अस्सल माल विकत असला तरी खोटं बोलतोय.

मग प्रात्यक्षिकात व्हाइट सरळ जाताना दिसतो तो कसा? इथेच खरी हातचलाखी असते.

विक्रेता व्हाइट कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटवून ठेवतो, त्यामुळे क्यूचा मागचा भाग उचलावा लागतो. समोरचा बॉल फारसा लांब नसतो. शॉट हळू मारतो. क्यू वर उचललेला असला की साइडमुळे व्हाइट आधी बाहेर सुटतो आणि मग वळण घेऊन साइडच्या दिशेने परत येतो. याला स्वर्व्ह म्हणतात. वेग बरोबर जुळवला की बाहेर जाणं आणि परत येणं एकमेकांना खातात, आणि बॉल रेषेवर पोहोचतो. मग तुमचा जुना क्यू घेऊन तोच माणूस लांबचा शॉट जोरात मारतो. जोरात मारलेल्या बॉलला वळायला वेळ मिळत नाही, डिफ्लेक्शन उघडं पडतं. दोन शॉट वेगळे, दोष मात्र क्यूच्या माथी.

दुसरी चलाखी त्याहून बारीक आहे. तुमच्या क्यूने मारताना टिप मध्यापासून १४ मिलिमीटरवर, त्याच्या शाफ्टने मारताना सहा-सात मिलिमीटरवर. साइड निम्मी झाली की डिफ्लेक्शनही जवळजवळ निम्मं होतं. उभ्या माणसाच्या डोळ्याला हा फरक दिसत नाही, खडू मात्र तो नोंदवून ठेवतो. व्हाइटच्या जागी पट्ट्याचा बॉल घ्या आणि पट्टा उभा, बरोबर नेमाच्या रेषेत ठेवा. टिपेला ताजा खडू लावायला सांगा. शॉट झाल्यावर दुसऱ्या कोणी हात लावायच्या आत बॉल उचला. पट्ट्यावर तांदळाच्या दाण्याएवढा निळा ठिपका असेल, तो पट्ट्याच्या मधल्या रेषेपासून किती लांब आहे ते बघा. दोन्ही क्यूंचे ठिपके सारख्या अंतरावर नसतील तर तुलना रद्द. हे म्हटल्यावर जो बॉल उचलून कापडाने पुसायला घेतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

बॉल पॉट करून, म्हणजे खिशात घालून, दाखवलं तरी भुलू नका. साइडमुळे ऑब्जेक्ट बॉलही (ज्याला व्हाइट लागतो तो) थोडा बाजूला फेकला जातो, शॉट हळू असला की जास्तच. ही तिसरी गोष्ट मध्ये आली की शाफ्टबद्दल काहीच कळत नाही. चाचणी नुसत्या व्हाइटवर व्हायला हवी.

ती अशी करा. टेबलाच्या लांबीच्या दिशेने, समोरच्या कुशनपासून दोन मीटरवर बॉल ठेवा. नऊ फुटी टेबलाची खेळायची लांबी २५४ सेंटिमीटर असते, त्यामुळे जागा पुरते. लहान टेबलावर दीड मीटर घ्या. तिथे अपेक्षा साध्या शाफ्टची साडेसहा सेंटिमीटर, चांगल्याची पाच. समोरच्या कुशनवर सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदाची पट्टी चिकटवा, शून्य बरोबर नेमाच्या रेषेत. क्यू रेषेला समांतर ठेवूनच १४ मिलिमीटर उजवीकडे न्या. शक्य तितका आडवा धरा आणि जोरात मारा, ब्रेकइतकं (डावाच्या पहिल्या शॉटइतकं) जोरात नको. मोबाइल पट्टीसमोर ठेवून चित्रण करा. उजवीकडून दहा, डावीकडून दहा शॉट, आणि ज्यात खडूचा ठिपका चुकला ते शॉट मोजायचे नाहीत. दोन्ही बाजूंचे आकडे फार वेगळे आले तर आधी स्वतःचा स्ट्रोक वाकडा आहे का ते तपासा. दोन्ही क्यूंना बॉल एकच वापरा, कारण हलका व्हाइट जास्त सरकतो आणि जड व्हाइट कमी. नाणं टाकून खेळायच्या जुन्या टेबलांवर वेगळ्या वजनाचे व्हाइट सापडतात. तसा एक जड बॉल मध्ये घुसवला की साधा शाफ्टही ‘एलडी’ ठरतो.

मोजपट्टी नसेल तर ब्रिजवरून, म्हणजे टेबलावर टेकवून क्यूला आधार देणाऱ्या हातावरून, पारख होते. ब्रिजचा हात बॉलपासून ३० सेंटिमीटरवर घट्ट ठेवा आणि मध्यावर नेम धरा. ब्रिज न हलवता मागचा हात डावीकडे नेऊन टिप उजवीकडे आणा, आणि त्या नव्या रेषेत जोरात मारा. बॉल मूळ नेमाच्या डावीकडे गेला तर डिफ्लेक्शन जास्त आहे, शाफ्ट साधा आहे. उजवीकडे गेला तर डिफ्लेक्शन खरोखर कमी आहे. बरोबर नेमावर गेला तर ३० सेंटिमीटर हीच त्या शाफ्टची पिव्हट लांबी समजा, म्हणजे ब्रिज जिथे ठेवला की असा क्यू फिरवूनही नेम तोच राहतो ते अंतर. लो डिफ्लेक्शन म्हणून विकलेला शाफ्ट या चाचणीत डावीकडे गेला तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

टेबल नसताना नुसत्या नजरेने माल ओळखायचा तर टोकापासून सुरुवात करा. साध्या शाफ्टचं फेरूल (टिपेखालची टोपी) बहुतेक वेळा इंचभर लांब आणि घट्ट प्लास्टिकचं असतं. लो डिफ्लेक्शन शाफ्टचं आखूड आणि हलकं असतं. पितळी फेरूल असलेला शाफ्ट कोणी ‘एलडी पूल शाफ्ट’ म्हणून दाखवला तर तो परत करा, कारण पितळ म्हणजे नको त्या जागी वजन. पाचर जोडून केलेल्या लाकडी शाफ्टमध्ये जॉइंटकडच्या (क्यूच्या मागच्या भागाला जोडायच्या) तोंडावर पाचरींच्या रेषा दिसायला हव्यात आणि त्या दांड्यावरही पुढे जायला हव्यात. तोंडावर रेषा आणि दांड्यावर काहीच नाही, असं असेल तर ती नक्षी आहे. ‘कार्बन’च्या बाबतीत जॉइंटच्या कडेला नखाने हलकं चाचपून बघा, छापील पापुद्र्याची कड तिथे लागते. भावही बोलतो. अमेरिकेत नावाजलेले कार्बन शाफ्ट शेकडो डॉलरना मिळतात. वर आयात शुल्क धरा आणि मग समोर आलेल्या आठ हजारांकडे बघा. शाफ्टचा जॉइंट तुमच्या क्यूच्या पिनला (जोडणाऱ्या स्क्रूला) बसतो का हेही आधी विचारा. ‘कुठल्याही क्यूला बसतो’ असं उत्तर आलं तर ते चूक आहे. पिनांचे आटे आणि जाडी वेगवेगळी असते, जबरदस्तीने फिरवलं तर तुमच्या बटाचे (क्यूच्या मागच्या भागाचे) आटेही जातात.

शाफ्टसोबत हल्ली एक तक्ता किंवा छोटा कोर्सही गळ्यात मारतात: ‘एक टिप साइड म्हणजे पाव बॉल नेम सरकवा.’ असा एकच आकडा सगळीकडे लागू होऊच शकत नाही. डिफ्लेक्शन वेगावर फारसं अवलंबून नसतं. स्वर्व्ह मात्र वेग, अंतर, क्यूचा उतार आणि कापड या सगळ्यांवर अवलंबून असतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कापड दमट होऊन बॉलला लवकर पकडतं, वळण अलीकडेच येतं. एसी हॉलमध्ये नव्या, गुळगुळीत कापडावर तोच शॉट उशिरा वळतो. त्यामुळे जोरात मारायच्या शॉटला वर सांगितल्याप्रमाणे मागच्या हाताने पिव्हट करा, ब्रिज पिव्हट लांबीवर ठेवून. हळू आणि लांबच्या शॉटला वळण बरंच काम करतं, भरपाई कमी लागते. तिथे थोडं मागच्या हाताने, थोडं ब्रिजचा हात सरकवून साइड घ्या. खूप हळू आणि क्यू उचलून मारताना कधी कधी भरपाई उलट बाजूलाही करावी लागते. हे सगळं एका शाफ्टवर बसवायचं असतं. महिन्याला शाफ्ट बदलणाऱ्याला ते कधीच बसत नाही, मग माल अस्सल असो की नकली.

घ्यायचंच ठरवलं तर आगाऊ सगळे पैसे पाठवू नका. पार्सल फोडताना न थांबवता चित्रण करा, त्यात पत्त्याचं लेबलही यायला हवं. ‘झीरो डिफ्लेक्शन’ लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून तो उपयोगी पडतो. पैसे घेऊन विक्रेता गायब झाला तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवायची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. माल नकली आला आणि विक्रेता परत घेत नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही भागलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत चाचणीचं चित्रण, आकडे लिहिलेली कागदाची पट्टी आणि खडूच्या ठिपक्यासह पट्ट्याच्या बॉलचा जवळून काढलेला फोटो जोडा.