कुरकुरणारा पंखा: तेल सोडायचं की बेअरिंग बदलायचं?

छताचा पंखा कुईकुई करू लागला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "वरून थोडं तेल सोड." मीही सोडलं होतं. एकदा नाही, तीनदा.

आधी आवाज नेमका कुठला ते बघा. वीज बंद करून पातं हाताने सावकाश फिरवा. एका फेरीत एकदाच कुई होत असेल तर बहुधा पात्याचा स्क्रू सैल आहे, नाहीतर दांड्यावरची वाटी घसरून मोटारीला घासतेय. तिथे तेलाचं काम नाही, स्क्रूड्रायव्हरचं आहे. हाताने फिरवताना सगळं गप्प, पण रेग्युलेटर खाली आणला की गुणगुण सुरू, असं असेल तर तो विजेचा आवाज. तेलाची अख्खी बाटली ओतलीत तरी जाणार नाही. सलग खरखर येत असेल आणि हाताला आत वाळू असल्यासारखं लागत असेल, तर बेअरिंग, म्हणजे मोटार ज्यावर फिरते ती आतबाहेर दोन कडी आणि त्यांच्यामधल्या पोलादी गोळ्या. खरा प्रश्न इथे पडतो.

सगळ्यात सोपा पर्याय गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा. नळी लावली, फुस्स केलं, दोन मिनिटांत शांतता. कामचलाऊ म्हणून वाईट नाही. माझ्याकडे ती शांतता जेमतेम दहा दिवस टिकली, तुमच्याकडे कदाचित जास्त टिकेल. पण मला वैताग आणला तो आवाजाने नाही, डागांनी. हा स्प्रे मुळात पातळ. बेअरिंगमधलं उरलंसुरलं ग्रीसही तो विरघळवून खाली आणतो. सकाळी उठलो तर पांढऱ्या चादरीवर मोहरीएवढ्या काळ्या ठिपक्यांची कमान, पात्याच्या वळणाबरहुकूम! धुऊनही गेले नाहीत. त्या चादरीवर मी आता इस्त्री करतो.

शिलाई मशीनचं तेल त्या मानाने बरं, जरा जास्त टिकलं. पण रबरी सीलच्या बेअरिंगमध्ये वरून ओतलेलं तेल आत जातंच कुठे? बाहेर राहतं आणि धूळ धरून बसतं.

बेअरिंग बदलायला अर्धा दिवस जातो, हे कबूल. पंखा उतरवा, मोटारीच्या दोन्ही झाकणांवर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे जोडताना ती जशीच्या तशी बसतील. जुनं बेअरिंग पुलरने (ओढून काढायच्या आकड्यांच्या हत्याराने) काढा आणि कडेवरचा नंबर बघून तोच आणा. बऱ्याच पंख्यांत ६२०२ असतं, म्हणजे आतलं भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास ३५. पण वरचं आणि खालचं सारखंच असेल असं नाही, म्हणून दोन्ही काढून बघा आणि दोन्ही एकदमच बदला. शाफ्टवर, म्हणजे मोटारीच्या मधल्या दांड्यावर, बसवताना आतल्या कड्यावर पाइपचा तुकडा ठेवून ठोका. बाहेरच्या कड्यावर हातोडी पडली तर धक्का गोळ्यांमधून जातो, खाचा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी कुरकुरतं. मी एक असंच वाया घालवलंय.

ज्यांना हा उपद्व्याप नको त्यांनी पंखा मिस्त्रीकडे द्यावा. पण "नुसतं ऑइलिंग करून देतो" म्हणाला तर मी तरी नको म्हणेन.

टेबल फॅनचं गणित मात्र वेगळं. त्यात बहुतेक वेळा बेअरिंगऐवजी पितळी दिसणारा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी) असतो आणि त्याच्याभोवती तेल धरून ठेवणारी नमद्याची चकती. ती सुकली की पंखा किंचाळतो. चकती शिलाई मशीनच्या तेलात चांगली मुरू द्या आणि शाफ्ट पुसून परत जोडा. स्प्रे तिथेही लांबच ठेवा.