द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर : १५, २४ की २८ अश्वशक्ती?

छोट्या ट्रॅक्टरची तुलना शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीपासून सुरू केली, की ती रंग, कंपनी आणि हप्ता यांच्यातच फिरत राहते. म्हणून येथे एक ठरावीक शेत समोर ठेवले आहे : निफाड-दिंडोरी पट्ट्यातील चार एकर द्राक्षबाग, लागवड नऊ बाय पाच फुटांवर, जमीन मध्यम काळी, शेजारी एकरभर टोमॅटो, आणि खोल नांगरट भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करून घेण्याची रीत. अशा शेतात छोट्या ट्रॅक्टरचे पहिले काम ब्लोअरने, म्हणजे पंख्याच्या झोताने औषध उडवणाऱ्या यंत्राने, फवारणी करणे हे आहे. गाळ्यातील (वेलींच्या दोन ओळींमधील पट्ट्यातील) रोटाव्हेटर, खत-शेणखताची वाहतूक आणि क्रेटची ने-आण ही कामे त्यानंतर येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला आणि डाऊनी या रोगाचा धोका दिसू लागला, की फवारणी दोन दिवस पुढे ढकलण्याची मुभा राहत नाही, त्यामुळे त्या दिवसांत ओल्या गाळ्यातून भरलेली टाकी घेऊन जो ट्रॅक्टर न अडकता बाहेर येतो, तोच या बागेच्या उपयोगाचा.

यावरून निवडीचा क्रम उलटा होतो. आधी ब्लोअर ठरवावा, मग गाळ्याची मापे घ्यावीत आणि शेवटी ट्रॅक्टर पाहावा. ब्लोअर विकणारा जी अश्वशक्ती सांगतो ती बहुधा ट्रॅक्टरच्या इंजिनाची असते. ब्लोअरच्या पंख्याला आणि पंपाला मात्र पीटीओवर, म्हणजे जोडलेली यंत्रे फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, मिळणारी शक्तीच फिरवते, आणि या दोन आकड्यांमधील अंतर प्रत्येक मॉडेलमध्ये सारखे नसते. महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी२४४१ हे दोन्ही २४ अश्वशक्तीचे फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारे, ट्रॅक्टर आहेत. तरीही जिवोची पीटीओवरील शक्ती सुमारे २२, तर कुबोटाची सुमारे साडेसतरा अश्वशक्ती दिलेली आहे. बोनेटवरील आकडा पाहून ही दोन यंत्रे समान मानणारा खरेदीदार येथेच फसतो.

सर्वांत स्वस्त पर्याय १५ अश्वशक्तीचा. महिंद्रा युवराज २१५ एनएक्सटी आणि स्वराज ७१७ ही त्यातील परिचित नावे. दोन्ही एका सिलिंडरची, मागच्या चाकांनी चालणारी. दुरुस्ती साधी, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळणारे, आणि जुना ट्रॅक्टर विकायला काढल्यास गिऱ्हाईक लवकर भेटणारे, हे त्यांचे खरे बळ आहे. मात्र युवराजचे स्वतःचे वजन सुमारे ७८० किलो आणि हायड्रोलिकची उचल (मागे उचलता येणारे वजन) ७७८ किलो आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कागदावर ही उचल भरघोस वाटते, पण जवळजवळ स्वतःएवढे ओझे मागे लटकवले तर पुढची चाके जमिनीला टेकणार नाहीत आणि स्टीअरिंग हातात राहणार नाही. पीटीओवर सुमारे साडेअकरा अश्वशक्ती मिळत असल्याने दोनशे लिटरचा, लहान पंख्याचा ब्लोअर हीच याची सोयीची मर्यादा समजावी. दीड-दोन एकर बाग, मुरमाड जमीन किंवा चौदा-पंधरा फूट अंतरावरचे डाळिंब असेल तर हा ट्रॅक्टर पुरतो, आणि तेथे त्याहून मोठा घेण्याचे कारण मला दिसत नाही. चार एकर काळ्या जमिनीत मात्र टाकी भरण्याच्या फेऱ्यांतच सकाळ संपते आणि पावसानंतर मागची चाके जागेवरच फिरू लागतात.

खरी चुरस २० ते २७ अश्वशक्तीच्या फोर व्हील ट्रॅक्टरांमध्ये आहे. कुबोटा ए२११एन हा २१ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, सुमारे एक हजार सीसी इंजिनाचा ट्रॅक्टर हलका आहे, चालवताना थरथर कमी जाणवते आणि अरुंद गाळ्यात सहज वळतो. पीटीओवरील शक्ती सुमारे साडेपंधरा अश्वशक्ती असल्याने तो उचलून घेण्याच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे लटकवायच्या, मध्यम ब्लोअरसाठी योग्य आहे, पण ६०० लिटरचा, स्वतःच्या चाकांवरचा ओढायचा ब्लोअर त्याच्यामागे लावून चढ असलेल्या बागेत जाणे म्हणजे त्याला रोज दमवणे होय. जिवो २४५ चे इंजिन दोन सिलिंडरचे, पण १,३६६ सीसीचे. तीन सिलिंडरची मऊ चाल त्यात नाही, परंतु इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर जोर धरण्याची त्याची सवय जड ब्लोअरला आणि रोटाव्हेटरला मानवते. उचल दोघांचीही ७५० किलोच्या आसपास. येथे एक हिशोब करून पाहावा : ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, त्यात टाकी, पंप, पंखा आणि सांगाड्याचे वजन मिळवा, शिवाय हे ओझे उचलणाऱ्या दांड्यांच्या (लिंकच्या) टोकापासून मागे लांब असते, म्हणून उचलीचा छापील आकडा पूर्ण वापरायला मिळत नाही. चारशे लिटरच्या पुढे जायचे असल्यास ओढायचाच ब्लोअर घ्यावा.

याच गटात महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाऊन येथे ओजा ही मालिका सादर केली. जपानमधील मित्सुबिशी महिंद्राबरोबर विकसित केलेले हे ट्रॅक्टर तेलंगणातील झहीराबाद येथे तयार होतात आणि सर्व मॉडेल फोर व्हील आहेत. २७ अश्वशक्तीचे ओजा २१२७ बागाईतदाराने पाहावे ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे गिअर न बदलता पुढे-मागे करण्याचा शटल, जो ओळीच्या टोकाला अरुंद बांधावर दिवसातून शंभर वेळा वळताना हाताचा त्रास वाचवतो. आणि दुसरी ९५० किलोची उचल. जिवोपेक्षा यात इलेक्ट्रॉनिक भाग अधिक आहेत, आणि त्यामुळे गावातल्या मिस्त्रीवर नव्हे तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर अवलंबून राहावे लागते, ही किंमत कोटेशनमध्ये लिहिलेली नसते.

जॉन डिअर ३०२८ईएन हा २८ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा अरुंद बांध्याचा फोर व्हील ट्रॅक्टर वरच्या टोकाला येतो. स्वतःच्या चार एकरांसाठी तो गरजेपेक्षा जास्त आहे. शेजारच्या सात-आठ एकरांची फवारणी भाड्याने करण्याचे पक्के ठरले असेल, तरच त्याच्या जादा पैशांची वसुली होते. ‘पुढेमागे भाड्याने देऊ’ या आशेवर तो घेऊ नये.

रुंदीबाबत दोन शब्द पुरेत. नऊ फुटी गाळ्यातून दोन्ही बाजूंच्या बोदांचा (वेलींच्या बुडाशी असलेल्या मातीच्या वरंब्यांचा) मिळून तीन फुटांचा भाग वजा केला तर चालण्यास सहा फूट उरतात, त्यामुळे या गटातील कोणताही ट्रॅक्टर जमिनीवर मावतो; अडचण वर असते. मांडवाखाली किंवा वाय पद्धतीत झुकलेल्या काड्यांखाली उभा सायलेन्सर आणि चालकाच्या मागची संरक्षक कमान घडांना लागते. माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर उभा होता, आणि कोवळी फूट करपलेली दिसल्यावर तो खाली वळवून घेण्याचा खर्च वेगळा झाला. खाली सोडलेला सायलेन्सर आणि दुमडणारी कमान खरेदीच्या वेळीच मागून घ्यावी.

आता किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ओजा २१२७ ची सुरुवातीची पुण्यातील शोरूम किंमत ५,६४,५०० रुपये होती. ती जीएसटीसह धरली आणि मूळ किंमत तीच ठेवली, तर नव्या दराने ती सुमारे ५,२९,००० रुपये होते, म्हणजे पस्तीस हजारांचा फरक. जुन्या दराने छापलेले पत्रक समोर ठेवून ‘खास सवलत’ दिली जात असेल तर ती सवलत विक्रेत्याची आहे की सरकारची, हे मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहून घेतल्यावरच कळते. कोटेशनमध्ये पासिंग (आरटीओ नोंदणी), विमा, हूक, टॉपलिंक, पुढचे वजन आणि ड्रॉबार यांच्या ओळी स्वतंत्र असाव्यात. दोन विक्रेत्यांच्या दरातला दहा हजारांचा फरक पुष्कळदा याच वस्तूंमध्ये दडलेला असतो. ट्रॉली घेणार असल्यास तिची नोंदणी वेगळी होते, हेही धरावे.

कराच्या फरकापेक्षा मोठा फरक व्याजात पडतो. चार लाखांचे कर्ज, पाच वर्षे मुदत आणि दर सहा महिन्यांनी हप्ता असा हिशोब केला, तर १० टक्के दराने हप्ता सुमारे ५१,८०० रुपये आणि १४ टक्के दराने सुमारे ५६,९५० रुपये येतो; पाच वर्षांत ही तफावत एकावन्न हजारांवर जाते. ‘फक्त दहा टक्के, पण फ्लॅट’, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज, असे कोणी सांगितले तर व्याजच दोन लाख होते आणि कमी होत जाणाऱ्या शिलकेवर मोजल्यास तो दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. शोरूममध्ये बसलेल्या वित्तसंस्थेच्या प्रतिनिधीची घाई आपली करून घेऊ नये; आधी बँकेचा दर लेखी आणावा आणि मगच त्याच्याशी बोलावे.

अनुदानाचा मार्ग राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून जातो. तेथील ट्रॅक्टर अनुदानाची मर्यादा अनेक वर्षे अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी १,२५,००० रुपये व इतरांसाठी १,००,००० रुपये राहिली आहे; अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर जो आकडा दिसेल तोच धरावा. याहून महत्त्वाचे असे की पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, आणि ती आल्यावरही पैसे खरेदीनंतर खात्यावर जमा होतात, म्हणून सुरुवातीची पूर्ण रक्कम उभी करावीच लागते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाज कल्याण विभागाची ९ ते १८ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरची स्वतंत्र योजना आहे आणि तीत ९० टक्क्यांपर्यंत, कमाल ३,१५,००० रुपये मिळतात. त्या गटांच्या बाबतीत वरची सगळी तुलना १५ अश्वशक्तीच्या बाजूने झुकते.

माझा कल सांगायचा तर, वर दिलेल्या चार एकरांना आणि ओढायच्या ब्लोअरला जिवो २४५ पुरेसा आहे. टोकाचे बांध अरुंद असतील, चालक वयस्कर असेल आणि सर्व्हिस सेंटर पंधरा-वीस किलोमीटरच्या आत असेल तर ओजा २१२७ साठी जादा पैसे घालावेत. तीनशे लिटरपर्यंतचा उचलायचा ब्लोअर आधीच घरी असेल तर ए२११एन घ्यावा. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय परीक्षण संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल मागावा, कारण पीटीओवरील मोजलेली शक्ती, उचल आणि डिझेलचा खर्च त्यात लिहिलेला असतो. त्यानंतर प्रात्यक्षिक शोरूमच्या अंगणात न घेता आपल्या बागेत, आपलाच ब्लोअर काठोकाठ भरून, ठिबकचे पाणी देऊन ओल्या केलेल्या गाळ्यात घ्यावे, आणि तेही सप्टेंबर उजाडण्यापूर्वी, म्हणजे छाटणी सुरू होईपर्यंत पासिंग होऊन पहिली सर्व्हिसही उरकलेली असेल.