संमतीवयाचा कायदा मुळातून वाचताना: अमेरिकी राज्यांची अधिकृत संकेतस्थळे आणि कॉर्नेलचे मोफत विधी-भांडार

अमेरिकेत लैंगिक संबंधांसाठी संमतीचे वय प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. बहुतेक राज्यांत ते १६ आहे, काहींत १७ आणि उरलेल्यांत १८. हे आकडे देणारे रंगीत नकाशे आणि तक्ते इंटरनेटवर उदंड आहेत; पालक, शिक्षक आणि समुपदेशक सहसा तेवढ्यावरच थांबतात. मला हे तक्ते धोकादायक वाटतात, कारण या कायद्याचे मर्म त्याच्या अपवादांत आहे. म्हणून येथे परीक्षण केले आहे ते राज्यांच्या विधिमंडळांनी मोफत खुल्या ठेवलेल्या संहितांचे आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात १९९२ साली सुरू झालेल्या लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटचे.

पाहिलेल्यांपैकी वॉशिंग्टन राज्याचे संकेतस्थळ मला सर्वांत उजवे वाटले. तेथील ९ए.४४.०७९ हे कलम जेमतेम दोन वाक्यांचे आहे, पण त्यात सगळे आले: पीडित व्यक्तीचे वय १४ पूर्ण पण १६ च्या आत, आणि आरोपी तिच्याहून किमान ४८ महिन्यांनी मोठा. त्याखालच्या वयोगटांसाठी हेच अंतर ३६ आणि २४ महिने असे आवळत जाते. वर्षांऐवजी महिने मोजल्यामुळे वाढदिवसांच्या तारखांवरून होणारा वाद उरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वयातील अंतर गुन्ह्याच्या व्याख्येतच घातले आहे; अंतर त्याहून कमी असेल तर ते कलम लागूच होत नाही, आणि अंतर पुरेसे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर राहते. कलमाखाली दुरुस्त्यांचा इतिहास सालवार दिलेला असतो, ही सोय अभ्यासकाला फार उपयोगी पडते. उणीव एवढीच, की वयाबाबत गैरसमज झाल्याचा बचाव केव्हा चालतो हे ९ए.४४.०३० या वेगळ्या कलमात आहे आणि गुन्ह्याच्या कलमाच्या मजकुरात त्याचा उल्लेख नाही. शिवाय १६ आणि १७ वर्षांच्या मुलांवर अधिकारपदाचा गैरवापर करणाऱ्यांसाठी ९ए.४४.०९३ हे कलम आहे, ज्यात अंतर ६० महिन्यांचे धरले आहे. ‘वॉशिंग्टन: १६’ एवढेच वाचणाऱ्याला या कलमाचा पत्ताही लागणार नाही.

कॅलिफोर्नियाचे संकेतस्थळ शोधायला सोपे आहे. संहितेचे नाव आणि कलमाचा क्रमांक टाकला की मजकूर समोर येतो. दंड संहितेचे कलम २६१.५ आवर्जून पाहावे, कारण एका तक्त्यात या राज्यासमोर ‘तीन वर्षांची सवलत’ असे छापलेले मी वाचले आहे आणि ते साफ चुकीचे आहे. येथे वय १८ आहे आणि वयातील अंतर तीन वर्षांपेक्षा अधिक नसले तरी कृत्य गुन्हाच राहते. फक्त ते मिसडिमीनर, म्हणजे सौम्य प्रतीचा गुन्हा ठरते. कलमाची भाषा अंतर दोन्ही बाजूंनी मोजते, त्यामुळे १७ वर्षांची दोन मुलेही कागदोपत्री त्यात सापडतात. अपवाद आहे तो विवाहित जोडप्याचा. मात्र संकेतस्थळावर केवळ कायद्याचा मजकूर मिळतो, निकाल मिळत नाहीत. वयाबाबत प्रामाणिक आणि वाजवी गैरसमज झाला असेल तर तो बचाव ठरू शकतो, असे या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मान्य केले, पण ही गोष्ट कलम कितीही वेळा वाचले तरी कळणार नाही.

टेक्सासची संहिता उघडल्यावर तिसरा प्रकार दिसतो. तेथे वय १७ आहे. कलम २२.०११ मध्ये तीन वर्षांच्या अंतराची तरतूद आहे, पण ती बचाव म्हणून. पीडित व्यक्ती किमान १४ वर्षांची असावी लागते आणि बचावाचा मुद्दा आरोपीलाच सिद्ध करावा लागतो. म्हणजे एकच ‘तीन वर्षे’ कॅलिफोर्नियात शिक्षेची प्रत ठरवतात आणि टेक्सासमध्ये सुटकेचा मार्ग देतात. शाळेतील कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यासाठी कलम २१.१२ स्वतंत्र आहे आणि विद्यार्थ्याचे वय १७ च्या पुढे असले तरी ते लागू होते. मला ते अगदी योग्य वाटते.

कॉर्नेलचे संकेतस्थळ केंद्रीय कायद्यासाठी अप्रतिम आहे, राज्यांच्या संहितांसाठी मात्र ते बहुतांशी दुवे देऊन मोकळे होते. तरीही किशोरवयीन मुलांच्या पालकांनी तेथे केंद्रीय संहितेच्या १८ व्या शीर्षकाचे, म्हणजे फौजदारी कायद्याच्या भागाचे, कलम २२५६ वाचावेच. अश्लील चित्रणाच्या बाबतीत केंद्रीय कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला अल्पवयीन मानतो. त्यामुळे संमतीचे वय १६ असलेल्या राज्यातही १७ वर्षांच्या मुलीचे किंवा मुलाचे तसे छायाचित्र जवळ बाळगणे गुन्हा होऊ शकते. राज्याच्या संमतीवयाचे कलम वाचताना हे ध्यानात येत नाही.

अधिकृत संहिता खुली असणे ही मामुली गोष्ट नाही, हे जॉर्जियाच्या उदाहरणावरून पटते. त्या राज्याने आपल्या सटीप संहितेतील टिपांवर, म्हणजे कलमांखाली दिलेल्या निकालांच्या सारांशांवर व संदर्भांवर, स्वामित्वहक्क सांगितला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो ५ विरुद्ध ४ मतांनी नाकारला. टिपा का हव्यात, याचे उत्तरही जॉर्जियातच आहे. १७ वर्षांच्या मुलाला १५ वर्षांच्या मुलीशी झालेल्या संबंधाबद्दल तेथे १० वर्षांची सजा झाली होती. विधिमंडळाने २००६ साली कायदा बदलून अशा जवळच्या वयाच्या प्रकरणांना मिसडिमीनर केले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ती सजा क्रूर व असाधारण ठरवली. केवळ आजचे कलम वाचणाऱ्याला त्यामागचा हा मुलगा दिसत नाही.

शाळा, संस्था आणि पालक यांना समज यावी म्हणून ही संकेतस्थळे मी निःशंकपणे सुचवेन. ज्या घरात प्रत्यक्ष तक्रार किंवा आरोप आला आहे, त्यांनी मात्र वाचत बसू नये. त्याच राज्यात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला त्याच दिवशी गाठावे.