खांद्यातलं स्टेरॉईड इंजेक्शन : सात-आठ महिन्यांनंतर

मला मधुमेह आहे, आणि मधुमेहींचा खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. माझाही उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात मागं जाईना, त्या कुशीवर झोप नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं तेव्हा घरचे बिचकले. कोल्हापूर तालमींचं गाव, इथं स्टेरॉईड म्हटलं की अंग कमवायची औषधंच आठवतात. मला दिलेलं ट्रायमसिनोलोन त्यातलं नव्हे. ते सांध्यातली सूज उतरवतं, ताकद वाढवत नाही.

सुईत भुलीचं औषधही असतं, त्यामुळं घरी येईपर्यंत खांदा एकदम हलका. संध्याकाळी भूल उतरली आणि रात्रभर ठणका. घाबरू नका, एक-दोन दिवस असं होतं. बर्फ लावला की बरं वाटतं. खरा आराम त्यानंतर हळूहळू आला. साखर मात्र दोनशेच्या वर गेली आणि उतरायला आठवडाभर लागला. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर हाताशी ठेवाच.

आणि हे नीट ऐका : इंजेक्शननं माझा हात वर गेला नाही. दुखणं दबलं, म्हणून व्यायाम करता आला आणि व्यायामानं हात वर गेला. भिंतीवर बोटं चढवत नेणं, पाठीमागून टॉवेल ओढणं, रोज, कंटाळा आला तरी. आता वेणी माझी मीच घालते.

माझे दीर शिरोली एमआयडीसीत लेथवर असतात. त्यांना टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं. इंजेक्शन घेतल्यावर महिना-दीड महिना छान गेला, मग कोपर पुन्हा तसंच. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्टेरॉईड घेतलेल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं, औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांत १२ टक्के. कोपराचं दुखणं कंडरेचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं असतं, तिथं खांद्याचा हिशेब लावू नये. टाचेच्या वरच्या जाड कंडरेत तर ती तुटण्याच्या भीतीनं डॉक्टर सहसा हे देतच नाहीत.

सासूबाईंना गुडघ्यात दर तीन महिन्यांनी घ्यायचं होतं. दोन वर्षं तसं दिलेल्या रुग्णांची कूर्चा (सांध्यातली हाडांवरची गादी) जास्त झिजली आणि वेदनेत फरक पडला नाही, असं २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. शिवाय त्यांचं सांधा बदलायचं ऑपरेशन ठरतंय. त्याआधीच्या तीन महिन्यांत सुई घेतली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून त्यांचं इंजेक्शन आम्ही थांबवलंय.