स्वयंपूर्ण वस्तीसाठी कोकण की नगरचे पठार?
शहर सोडून आपले अन्नपाणी आपणच उभे करायचे ठरवले, की पहिला प्रश्न पाण्याचा येतो आणि तिथे कोकण फसवते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असला, तरी जांभ्याची सच्छिद्र जमीन तो धरून ठेवत नाही आणि मे महिन्यात विहिरीतली कळशी गाळ घेऊन वर येते. उलट नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने तुटपुंज्या पावसावर, पाणलोटाची कामे आणि दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद यांच्या बळावर तग धरला आहे. पठारावर बाजरी, तूर आणि शेळ्या निभावतात. कोकणात भात, नारळ, फणस, मासळी, सरपण सारे हाताशी असते. मात्र २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. तरीही माझा कल कोकणाकडेच आहे, पण घराआधी पावसाच्या पाण्याची टाकी बांधण्याच्या अटीवर.