कॅलिफोर्नियातला मृत्यूदाखला: काउंटीतून की सॅक्रामेंटोहून?

मृत्यू ज्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) झाला तिथूनच दाखला काढावा, हे माझं सरळ मत. राज्याचा दाखलाही तितकाच ग्राह्य, पण सॅक्रामेंटोला, म्हणजे राजधानीतल्या राज्याच्या कार्यालयाला, अर्ज धाडला की वाट बघणं आलं. काउंटीत एक गोम आहे: ताजी नोंद बहुधा आरोग्य विभागाकडे, जुनी रेकॉर्डरकडे, म्हणजे काउंटीच्या दस्तनोंदणी कार्यालयात. आधी फोन करा, नाहीतर हेलपाटा ठरलेला. काउंटीच ठाऊक नसेल तर मात्र राज्य बरं. वंशावळवाल्यांसाठी सांगायचं तर राज्याकडच्या नोंदी जुलै १९०५ पासूनच्या. त्याआधीचं हवं तर काउंटीच गाठायची.

अर्ज कुठेही करा, मागायची ती 'अधिकृत' प्रत. जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं अशा मोजक्यांनाच ती मिळते. शपथपत्र लागतं, टपालाने अर्ज केला तर नोटरीसुद्धा. माहितीपुरती प्रत कुणालाही मिळते, पण ओळख सिद्ध करायला ती वैध नाही, असं तिच्यावरच ठळक छापलेलं असतं. ती घेऊन पुण्यातल्या बँकेत वारसनोंदीला कशाला जायचं?

भारतात वापरायची तर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घेतलेलं सरकारी प्रमाणपत्र, हवं. इथे राज्याची प्रत सोयीची. काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याची सही असेल तर आधी काउंटी क्लर्ककडून ती प्रमाणित करून घ्यावी लागू शकते.